भोंगा वाजतो, पण तो सगळ्यांना ऐकू येतो का?

विश्लेषण | हिंगणी (ता. सेलू, जि. वर्धा)

शिवारात वाघ दिसला की गावात निरोप कसा फिरतो? ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा होतो. नदीला पाणी सोडायचे असले तरी पुकाराच. मागून गाडी आली की हॉर्न वाजतो. आभाळ गडगडले की बाया-माणसं वावरातून घराकडे निघतात. रात्री कुत्रं भुंकलं की जागलीवरचा माणूस बॅटरी मारून बघतो. चुलीजवळ असो की जंगलाच्या कडेला, आपल्याकडे धोक्याची जवळपास प्रत्येक सूचना कानावाटे येते.

मग ज्याच्या कानाला ती पोहोचतच नाही, त्याचे काय?

हिंगणी हे बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवरचे गाव. बोरला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मूळचे क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. एवढ्याशा जंगलातले जनावर हद्द ओलांडणारच, आणि हद्दीला लागूनच आपली वावरं आहेत. शेजारी बोर धरण, खाली नदी, रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, शेतात तारांचे कुंपण. अशा ठिकाणी कान कमी असणे म्हणजे नेमका किती धोका, आणि तो कमी कसा करायचा, याचा विचार गावपातळीवर क्वचितच होतो.

"बहिऱ्या माणसाला धोका जास्त" असे सगळे म्हणतात. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. जन्मापासून ऐकू न येणारा माणूस डोळ्याने सावध राहायला शिकलेला असतो. खरा फसतो तो ज्याचा कान हळूहळू गेला आणि त्याला ते कळलेच नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे गावाने सगळे इशारे एकट्या आवाजावर सोडून दिले आहेत.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यातले सुमारे ५० लाख ऐकण्याच्या दोषाचे. महाराष्ट्रात हा आकडा पावणेपाच लाखांच्या घरात होता. पण ही नोंद घरातल्या माणसाने सांगितली तेवढीच. "आमच्या बुढ्याला थोडं कमी ऐकू येते" असे म्हणणारे घर त्याला दिव्यांग म्हणून लिहून देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकण्याचा त्रास आहे. त्यातल्या ४३ कोटी लोकांना उपचार किंवा यंत्राची गरज आहे. साठी ओलांडलेल्यांमध्ये तर दर चार माणसांमागे एकापेक्षा जास्त जणांना जगण्यात अडचण येईल इतके कमी ऐकू येते. आता आपल्या गावात साठीवरची किती माणसे आहेत ते आठवा आणि चारने भागा. त्यातले किती जण रोज एकटे वावरात जातात, ढोरं चारतात, सायकलने सेलूला जातात, तेही बघा.

"मले ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता"

वयामुळे कान जातो तेव्हा सगळे आवाज एकदम जात नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. सायकलची घंटी, फोनची रिंग, पाखरांचा आवाज, सापाचा फुत्कार आणि बोलण्यातले स, श, फ, ट हे सगळे त्या पट्टीत येतात. जाड, खालच्या पट्टीचे आवाज मात्र बराच काळ शाबूत राहतात. ट्रॅक्टरची धडधड, ढोल, म्हशीचे हंबरणे ऐकू येत राहते.

म्हणून आबाजी खरेच म्हणतात, "मले ऐकू येते." त्यांना आवाज येतो, शब्द उमगत नाहीत. ट्रॅक्टर ऐकू येतो म्हणून त्यांना आपला कान चांगला वाटतो. मग मागून येणाऱ्या मोटारसायकलचा हॉर्न किंवा गवतातला फुत्कार सुटतो, आणि तो सुटला हेही त्यांना कळत नाही. ज्याला दिसत नाही त्याला आपल्याला दिसत नाही हे माहीत असते. ज्याला ऐकू येत नाही त्याला मात्र न आलेला आवाज माहीत असण्याचा मार्गच नसतो.

घरच्यांनी हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. टीव्हीचा आवाज वाढत जातो. माणूस चारचौघांत बोलणे टाळतो. विचारलेल्याचे भलतेच उत्तर देतो. फोनवर "हो हो" म्हणून ठेवून देतो. कुकरच्या शिट्ट्या चुकतात. आपण यावर हसतो, "बहिऱ्याची गोष्ट" करतो. त्या हसण्यामुळेच माणूस त्रास लपवायला लागतो, आणि लपवलेला बहिरेपणा रस्त्यावर जास्त महागात पडतो.

एका कानाचा हिशोब

काहींचा एकच कान गेलेला असतो. लहानपणी कान फुटला, वाहत राहिला, गरम तेल किंवा काडी घातली, पुढे तो कान बंद झाला. दुसरा चांगला असतो म्हणून कोणी लक्ष देत नाही. बोलणे-चालणे नीट असते.

पण आवाज कुठून आला हे ठरवायला दोन कान लागतात. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोहोचतो आणि डाव्याला किंचित नंतर. हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा काढतो. एक कान गेला की हॉर्न ऐकू येतो, दिशा कळत नाही. माणूस बाजूला सरकतो, पण नेमका गाडीच्या अंगावर.

ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी ५० मीटर अंतर तीन सेकंदांत कापते. हॉर्न ऐकायचा, दिशा ओळखायची, मान वळवायची आणि पाय उचलायचा, एवढे सगळे या तीन सेकंदांत बसवायचे असते. त्यातला एक सेकंद दिशा शोधण्यात गेला तर उरते काय?

अशा माणसाने पायी चालताना रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात, त्यामुळे उजव्या कडेने चालणाऱ्याला आपल्या बाजूची गाडी समोरून येताना दिसते. हे सगळ्यांसाठीच बरे, पण कमी ऐकू येणाऱ्यासाठी ही सवय हॉर्नपेक्षा जास्त कामाची आहे.

जन्मापासूनच्या कर्णबधिराबद्दलचा गैरसमज

गावात समज असा, की मुका-बहिरा माणूस म्हणजे त्याला गाडी देऊ नका, यंत्राजवळ जाऊ देऊ नका, एकट्याला पाठवू नका. हा समज तपासून बघायला हवा.

शास्त्रज्ञांच्या अभ्यासात असे दिसले आहे, की जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांचे नजरेच्या कडेला होणाऱ्या हालचालीकडे लक्ष जास्त असते. समोर बघत असतानाही बाजूला काय हलले ते त्यांना लवकर टिपता येते. कानाचे काम मेंदूने डोळ्यावर टाकलेले असते. असा माणूस रस्ता ओलांडताना मान वळवतोच, कारण हॉर्नच्या भरवशावर तो कधी राहिलेलाच नसतो.

वाहन परवान्याचेच बघा. कर्णबधिरांना परवाना नाकारण्याची पद्धत आपल्या देशात बरीच वर्षे होती. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या संघटनेच्या याचिकेवर निर्णय दिला, की जो चाचणी उत्तीर्ण होईल त्याला फक्त ऐकू येत नाही म्हणून नाकारता येणार नाही. २०१६ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेही राज्यांना तसे कळवले. गाडी चालवणे हे मुख्यतः नजरेचे काम आहे, हे त्यामागचे साधे कारण. काचा लावून आत गाणी वाजवणाऱ्याला तरी बाहेरचे किती ऐकू येते?

अर्थात कर्णबधिराला धोकाच नाही असे नव्हे. डोळा एका वेळी एकाच दिशेला बघतो, कान चारही बाजूंना उघडा असतो. वाकून कापूस वेचताना, खुरपताना, अंधारात किंवा झोपेत डोळ्याचा उपयोग संपतो. तिथे त्याला गावाची मदत लागते. त्याला घरी बसवून ठेवणे ही ती मदत नाही. इशारा त्याच्या डोळ्यापर्यंत किंवा अंगापर्यंत पोहोचवणे, एवढेच त्याला हवे असते.

चांगले कान, पण बंद

आता दुसरी बाजू. कान ठणठणीत असलेली माणसेही दिवसातले कित्येक तास बहिरीच असतात, आणि ते बहिरेपण त्यांनी स्वतःच घेतलेले असते.

२६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात चौकीदार नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली. १३ मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होता, असे प्राथमिक माहितीत समोर आले. रेल्वेसारखा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. मोटारसायकलवर कानात बोंड्या घालून जाणारी आपली पोरं रोज दिसतात. त्यांना बहिरा म्हटले तर राग येईल, पण त्या वेळी त्यांचा कान आबाजींच्या कानापेक्षा बरा नसतो.

ट्रॅक्टर आणि थ्रेशरचेही तेच. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याच्या कानापाशी आवाज ९० डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो. त्यावर टेप लावला की आणखी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसता येतो, असे कामगारांच्या सुरक्षेचे माप आहे. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. लग्नातल्या डीजेसमोर आपण किती वेळ नाचतो?

यात दुहेरी नुकसान आहे. यंत्र चालू असताना मागून आलेले लेकरू, ओरडणारा सोबती, पट्ट्यात अडकलेला पदर यांचा आवाज येत नाही. आणि वर्षानुवर्षे असा आवाज सोसला की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. कानात सतत "कुईं" आवाज येणे ही त्याची पहिली खूण. थ्रेशरवर काम करताना कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये थोड्या पैशात मिळतात. मात्र बोळे घातले की ओरडण्यावर विसंबता येत नाही. म्हणून हाताचा इशारा आधीच ठरवून ठेवायचा. हात वर म्हणजे यंत्र बंद, एवढे पुरे.

शिवारातली भाषा: कानाची आणि डोळ्याची

बोरच्या कडेला राहणाऱ्याला जंगलाचा आवाज वाचता येतो. वानर झाडावरून खाकरल्यासारखा ओरडला, चितळाने शिट्टीसारखा आवाज काढला, की गुराखी ओळखतो: वाघ किंवा बिबट जवळपास आहे. ज्याला हे ऐकू येत नाही, त्याचा सगळ्यात जुना इशारा हातून जातो.

पण त्याच इशाऱ्याची डोळ्याची बाजूही आहे. ओरडणारा वानर एकाच दिशेला टक लावून बघत असतो. चितळ शेपूट वर करून, पाय आपटून उभे राहते. ढोरं चरणे थांबवतात, कान टवकारतात, एकमेकांजवळ गोळा होतात आणि सगळी एकाच बाजूला तोंड करतात. बैलाच्या कानाकडे बघणे ही कमी ऐकणाऱ्या गुराख्यासाठी फार मोठी विद्या आहे. सोबत कुत्रं असले तर त्याचे कानही आपलेच. जुन्या गुराख्यांना हे माहीत आहे. नव्या पोरांना ते सांगायला हवे.

सापाचे बघा. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. नागही फुत्कारतो. कान असलेला माणूस तिथेच थबकतो, नसलेला पाऊल टाकतो. मण्यार मात्र आवाज न करता येते. तिच्यापुढे सगळ्यांचा कान सारखाच. सापाला स्वतःला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतला हादरा त्याला कळतो. म्हणून रात्री काठी आपटत आणि बॅटरीचा उजेड पायापुढे टाकत चालणे हा उपाय ऐकणाऱ्यालाही आणि न ऐकणाऱ्यालाही सारखाच लागू पडतो.

विजेचा कडकडाट हाही कानाचा इशारा. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोशाला जायचे. कर्णबधिराला हे मोजणे शक्य नाही. त्याच्यासाठी नियम सोपा ठेवायचा: चमक दिसली किंवा काळा ढग वर आला, की वावर सोडायचे. आणि वाकून काम करणाऱ्या बाईला चमकही दिसत नाही. म्हणून शेजारच्या वावरातल्याने हाताने खूण करायची, तिला हलवायचे, मगच निघायचे.

आवाजच नसलेला धोका

२०१७ हे वर्ष आपल्या भागाने विसरू नये. त्या वर्षी जुलैत ब्रह्मपुरी भागातून पकडलेली वाघीण बोरमध्ये सोडली गेली. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. पुढे माणसांवर हल्ले झाले, ठार मारण्याचे आदेश निघाले, प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबरमध्ये ती मेली ती शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने. त्याच वर्षी डिसेंबरात बोरचा प्रसिद्ध वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत गेला.

वाघाचा कान माणसापेक्षा कितीतरी तिखट. तरी एक तारेने गेली, एक गाडीने. तारेतली वीज आवाज करत नाही. वेगातली गाडी आवाज करते, पण वेळ देत नाही. अशा धोक्यांपुढे ऐकणारा आणि न ऐकणारा यांत फार फरक उरत नाही.

कुंपणात थेट वीज सोडणे गुन्हा आहे. त्यात जनावरासोबत माणूसही मरतो. परवानगीचे झटका मशीन किंवा सौर कुंपण ठरावीक वेळाने झटका देते आणि बहुतेक मशीन टिक-टिक वाजते. त्या टिक-टिकवर भरवसा ठेवू नये. तारेवर थोड्या थोड्या अंतराने लाल चिंधी आणि कडेला पाटी बांधली, तर ती शेजारच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही दिसते आणि रात्री ओलीत करायला निघालेल्या चांगल्या कानाच्या माणसालाही.

रस्त्यावर आता बिनआवाजाच्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. हळू चालताना त्यांचे टायरही ऐकू येत नाहीत. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारला कमी वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने तसा मसुदा काढला. पण तो कार, बस, ट्रक यांच्यापुरता आहे. गावात जास्त दिसतात त्या इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-रिक्षा. आणि आवाज बसवला तरी तो ऐकणाऱ्यांसाठीच. वळणावर वेग कमी करणे, हॉर्न देऊनही माणूस हलला नाही तर "बहिरा आहे का?" असे ओरडण्याऐवजी "असू शकतो" असे समजून ब्रेक दाबणे, हे चालवणाऱ्याचे काम आहे.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे कलम ८ फार कमी लोकांना माहीत आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांच्या माहितीची नोंद ठेवावी आणि धोक्याची परिस्थिती आली तर त्यांना ती कळवण्यासाठी योग्य व्यवस्था करावी, असे त्यात म्हटले आहे. "योग्य व्यवस्था" म्हणजे कर्णबधिरासाठी भोंगा नक्कीच नाही.

ही यादी गावापर्यंत आली पाहिजे. पूर आला तर अमुक घरी कोण जाऊन हात धरेल, वाघाचा निरोप त्या घरी कोण देईल, हे तिच्यावरून ठरेल. तलाठी, पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्याकडे अशी यादी आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. विचारायलाच हवा.

यात एक पाचर आहे. याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही कानांनी ७० डेसिबल ऐकणे गेले तर "बधिर", आणि ६० ते ७० डेसिबल गेले तर "कमी ऐकू येणारा". साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे ५० डेसिबल गेलेला म्हातारा किंवा एका कानाने पूर्ण बहिरी झालेली बाई या व्याख्येत बसत नाही. सरकारी यादीत ते येणार नाहीत. ती भर गावालाच घालावी लागेल. आशाताई घरोघर जातात. कोणत्या घरी हाक मारून उपयोग नाही, आत जाऊन समोर उभे राहावे लागते, हे त्यांना तोंडपाठ असते.

पैशाचेही बघू. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. अनेकदा ती वस्तू किंवा रोख वाटून संपवली जाते. त्यातूनच भोंग्याच्या खांबावर फिरता लाल दिवा बसवता येईल. घरासाठी लुकलुकणारी दारावरची घंटी, उशीखाली थरथरणारे अलार्म घेता येतील. ताडोब्याच्या काठावर सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये वाघाची हालचाल टिपून गावाला सावध करणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली. अशा यंत्रणा आपल्याकडे आल्या, तर सायरनसोबत दिवा आणि मोबाईल संदेश आहे का, हे बसवण्याआधी विचारा. बसल्यावर बदल होत नाहीत.

हातातल्या मोबाईलचा उपयोग

२०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर एकदम मोठा आवाज होऊन चाचणीचा आपत्कालीन संदेश आला होता, आठवते? ती यंत्रणा आवाजासोबत फोन थरथरवते आणि पडद्यावर मजकूर दाखवते. कर्णबधिरासाठी ती चांगली आहे, पण फोन खिशात असला तरच. चार्जिंगला लावलेला फोन थरथरून काय होणार?

पुणे येथील उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अॅप विजेचा इशारा देते. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात कॉल किंवा संदेश आला की कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकण्याची सोय असते. गूगलचे 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' समोरच्याचे बोलणे मराठीत लिहून दाखवते. मदतीसाठी ११२ वर बोलता येत नसेल तर '११२ इंडिया' अॅपमधून मदत मागता येते. वनविभागाचा १९२६ मात्र बोलण्याचा नंबर आहे. तिथे फोन करायला घरच्याने किंवा शेजाऱ्याने पुढे व्हावे.

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाघाचा निरोप येतो तेव्हा तो बरेचदा आवाजी संदेश असतो. "सगळ्यांनी ऐका" असे त्यात म्हटलेले असते. दोन ओळी लिहून टाकल्या तर काय बिघडते? कोणत्या शिवारात, किती वाजता, कोणत्या रस्त्याने जाऊ नये. लिहिलेले कर्णबधिर वाचतो आणि गोंगाटात असलेला ट्रॅक्टरवालाही वाचतो.

तपासणी आणि यंत्र

घरी करायची एक साधी परीक्षा आहे. माणसाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा. त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगा. दुसऱ्या कानाकडून कुजबुजत तीन आकडे म्हणा, जसे "चार, नऊ, दोन". दोनदा प्रयत्न करूनही निम्मे चुकले तर तपासणी करून घ्या. दुसऱ्या कानाचेही तसेच करा.

तपासणीसाठी वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहेत. कित्येकदा कानात घट्ट मळ साचलेला असतो आणि तो काढताच ऐकू येते. कान वाहत असेल तर तेल, काडी, पीस काही घालू नका. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने तो कान वाचू शकतो. लहान मूल हाकेला वळत नसेल, वर्ष-दीड वर्षात बोल फुटत नसेल, तर "उशिरा बोलेल" म्हणून थांबू नका. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा.

कानाच्या मशीनसाठी केंद्राच्या एडिप आणि राष्ट्रीय वयोश्री या योजना आहेत. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्यात ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या वृद्धांना उपकरणांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. श्रवणयंत्र त्यात आहे. मशीन मिळाल्यावर ते डबीत पडून राहते, हीच खरी रड. सुरुवातीला सगळाच आवाज मोठा येतो, भांडी आपटल्यासारखी वाटतात. सवयीला काही आठवडे लागतात. सेल संपतात, सेटिंग बदलावे लागते. घरच्यांनी तेवढा धीर धरावा आणि पुन्हा दवाखान्यात न्यावे. मशीन लावले तरी दिशा आणि गोंगाटातला आवाज पहिल्यासारखा कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ग्रामसभेसाठी चार मुद्दे

पहिला: कमी ऐकू येणाऱ्या सगळ्यांची गावाची स्वतःची यादी, प्रमाणपत्र असो की नसो.

दुसरा: त्या प्रत्येक घरासाठी निरोप देणारा एक शेजारी ठरवणे. तो गावात नसेल तर दुसरा कोण, हेही ठरवणे.

तिसरा: भोंग्यासोबत दिवा, आणि ग्रुपवर लिहिलेला निरोप.

चौथा: ५ टक्के निधीतून या कामासाठी किती रक्कम, याचा ठराव.

यातल्या पहिल्या दोन कामांना एक रुपयाही लागत नाही. आशाताई, पोलीस पाटील आणि दोन-चार पोरं एका संध्याकाळी बसली तर यादी तयार होते. पुढचा भोंगा वाजेल तेव्हा त्या यादीतल्या घराकडे कोणीतरी चालत गेलेले असले पाहिजे.